मोहेगन लोकांचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्येला, कनेटिकट राज्यात थेम्स नावाच्या नदीकाठी मोहेगन लोक राहतात. न्यू जर्सी किंवा बॉस्टनकडच्या मराठी घरांत ‘मोहेगन सन’ हे नाव ओळखीचं असतं, पण ते कॅसिनोचं म्हणून. त्या पाटीमागच्या माणसांबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. आधीच सांगून ठेवतो : या इतिहासात लढाया थोड्या आहेत आणि कागदपत्रं ढीगभर. खरेदीखतं, अर्ज, पत्रं, रोजनिश्या. मोहेगनांची जमीन कागदांनीच गेली, आणि ते टिकले तेही कागद जपल्यामुळेच.

मोहेगन म्हणजे मोहिकनच ना? ते तर संपले म्हणतात.

दोन्ही चूक. मोहिकन (किंवा महिकन) हे हडसन नदीच्या खोऱ्यातले लोक. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिन राज्यात स्टॉकब्रिज-मन्सी समाज म्हणून नांदतात. मोहेगन त्यांच्या बऱ्याच पूर्वेला, समुद्राजवळ राहणारे. भाषांचं कूळ एकच, अल्गाँक्वियन, पण जमाती वेगळ्या.

घोळ वाढवला तो जेम्स फेनिमोर कूपरच्या १८२६ च्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ या कादंबरीने. त्याने आपल्या तरुण योद्ध्याला ‘अंकस’ हे खऱ्या मोहेगन प्रमुखाचं नाव दिलं, त्याला उचलून १७५७ सालात नेलं आणि शेवटी मारून टाकलं. खरा अंकस सतराव्या शतकात होऊन गेला, चांगला म्हातारा होऊन वारला आणि मागे मुलंबाळं ठेवून गेला. कादंबरी छापली जात होती तेव्हा मोहेगन त्यांच्या टेकडीवर राहतच होते. पण ‘शेवटचा’ हा शिक्का एकदा बसला की पुसता पुसत नाही.

युरोपीय आले तेव्हा त्यांचं जगणं कसं होतं?

मका, घेवडा आणि भोपळा यांची शेती, नदीत मासेमारी, खाडीत शिंपले, हिवाळ्यात शिकार. जांभळ्या-पांढऱ्या शिंपल्यांचे बारीक मणी घासून, भोक पाडून ओवत. त्याला वाम्पम म्हणतात. करार, लग्न, सांत्वन अशा प्रसंगी ते दिले-घेतले जात. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याचं चलन करून टाकलं आणि मणी घडवणाऱ्या किनाऱ्यावर ताबा कोणाचा, यावरून भांडणं पेटली.

डच दर्यावर्दी एड्रियन ब्लॉक १६१४ मध्ये या किनाऱ्यावरून गेला. १६३३-३४ मध्ये देवीची साथ आली आणि कनेटिकट खोऱ्यातली गावंच्या गावं ओस पडली. म्हणजे इंग्रज वसाहती उभ्या राहिल्या त्या भरल्या देशात नव्हे, नुकत्याच उजाड झालेल्या देशात. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

अंकस कोण होता? तो पेक्वॉटांपासून फुटला का?

थेम्सला तेव्हा पेक्वॉट नदी म्हणत. तिच्या दोन्ही बाजूंवर पेक्वॉट जमातीचा वचक होता आणि मोहेगन त्यांचे नात्यातले, पण दुय्यम मानले गेलेले. पेक्वॉट प्रमुख टॅटोबेमची मुलगी अंकसला दिलेली. १६३० च्या दशकाच्या सुरुवातीला डचांनी टॅटोबेमला धरलं, सुटकेसाठी वाम्पमची खंडणी घेतली आणि परत पाठवलं ते त्याचं प्रेत. मग प्रमुखपद सॅसकसकडे गेलं. अंकसचाही त्यावर दावा होता. तो दावा जमला नाही, अंकस अनेकदा हद्दपार झाला, शेजारच्या नॅरागान्सेट लोकांकडे आसरा घेऊन पुन्हा परत आला. भाऊबंदकीच ती. तिच्यात इंग्रज उतरले आणि अंकसने त्यांचा हात धरला.

१६३७ मध्ये मिस्टिकला काय झालं?

२६ मे १६३७ च्या पहाटे कॅप्टन जॉन मेसन आणि जॉन अंडरहिल यांच्या हाताखालच्या इंग्रज तुकडीने मिस्टिक इथल्या पेक्वॉटांच्या तटबंदीच्या गावाला वेढा घातला आणि आग लावली. अंकसचे मोहेगन आणि काही शे नॅरागान्सेट त्यांच्याबरोबर होते. इंग्रजांचं कडं आतलं, या मित्रांचं बाहेरचं. तासाभरात किमान चारशे माणसं जळाली किंवा मारली गेली. बायका, मुलं, म्हातारी धरून. अंडरहिलनेच नोंदवून ठेवलंय की बरोबर आलेले इंडियन (म्हणजे अमेरिकेचे मूळनिवासी) हा प्रकार पाहून ओरडू लागले : ही लढण्याची रीत फार भयंकर आहे, यात माणसं फार मरतात. त्यांच्या लढाया चकमकींच्या असत. अख्खं गाव जाळणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

सप्टेंबर १६३८ च्या हार्टफर्ड तहात उरलेले पेक्वॉट वाटून टाकले गेले : ऐंशी पुरुष अंकसला, ऐंशी नॅरागान्सेट प्रमुख मायांटोनोमोला, वीस नायांटिक प्रमुख निनिग्रेटला. पेक्वॉट हे नावही घ्यायची बंदी. बऱ्याच जणांना गुलाम म्हणून विकलं, काहींना थेट कॅरिबियन बेटांकडे. पुढे १६५८ मध्ये नदीचंही नाव बदलून थेम्स आणि गावाचं न्यू लंडन केलं गेलं.

म्हणजे अंकस फितूर होता का?

आपल्याकडचा वाचक हे हमखास विचारतो. फितुरी ठरवायला आधी एक पक्ष असावा लागतो. १६३७ मध्ये सगळे ‘इंडियन’ मिळून एक, अशी काही कल्पनाच नव्हती. होते ते मोहेगन, पेक्वॉट, नॅरागान्सेट. आणि अंकसच्या हाताशी होती साथीतून उरलेली मूठभर माणसं. त्याने इंग्रजांच्या आडोशाने आपली जमात मोठी केली. पेक्वॉटांतले पुष्कळजण सामावून घेतले, त्यांच्यात लग्नं लावली. शत्रूला जे दिसलं नाही ते त्याला दिसलं, एवढं तर मान्य करावंच लागतं.

पण तेवढ्यावर त्याला सोडून देणंही बरोबर नाही. १६४२ मध्ये मायांटोनोमो लाँग आयलंडच्या माँटॉक लोकांना सांगत होता की इंग्रज जसे एक आहेत तसे आपण एक झालो नाही तर लवकरच संपू. पुढच्याच वर्षी तो अंकसवर चालून आला. आज जिथे नॉरिच शहर आहे तिथल्या मैदानात मोहेगनांनी त्याला हरवलं. अंगात इंग्रजी चिलखत असल्यामुळे त्याला धड पळताही आलं नाही, असं सांगतात. अंकसने कैदी हार्टफर्डला नेला. इंग्रज वसाहतींच्या आयुक्तांनी निवाडा दिला की मारा, पण आमच्या हद्दीबाहेर आणि तुमच्या हाताने. अंकसच्या भावाने कुऱ्हाडीचा घाव घातला. माझं मत विचाराल तर लांबचं मायांटोनोमोला दिसत होतं आणि उद्याचं अंकसला. उद्या आधी आला.

१६७५-७६ च्या किंग फिलिपच्या युद्धातही मोहेगन इंग्रजांच्याच बाजूने होते. (वाम्पनोआग जमातीचा प्रमुख मेटाकॉम याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत, त्याचा इंग्रजांविरुद्धचा उठाव तो.) त्या युद्धात दक्षिण न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे कनेटिकट आणि आसपासच्या प्रदेशातल्या, बहुतेक जमातींची धूळधाण झाली, मोहेगन वाचले. अंकस १६८३ च्या सुमारास वारला.

मित्र होते तर जमीन गेली कशी?

मित्रांकडूनच गेली. २८ सप्टेंबर १६४० च्या एका कागदावर अंकसची खूण आहे. त्यात, लागवडीखालची जमीन वगळून सारा मुलूख कनेटिकट वसाहतीला दिल्याचं लिहिलंय. मोबदला काय? साडेपाच वार कापड, पायमोजे ‘आणि इतर वस्तू’. वसाहत म्हणे ही विक्री. मोहेगन म्हणत, विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारू, एवढंच ठरलं होतं. साडेपाच वार कापडाला कोणी देश विकत नाही, हे साधं बोलणं पुढे शंभर वर्षं वकिलांना पटलं नाही.

१६५९ मध्ये नऊ मैल लांब-रुंद तुकडा सत्तर पौंडांना गेला, तेच नॉरिच. त्याच वर्षी अंकसने उरलेली जमीन मेजर जॉन मेसनच्या नावे विश्वस्त म्हणून केली. हो, मिस्टिकचाच मेसन. १६७१ मध्ये मेसनने त्यातला एक मोठा भाग कधीच विकता येणार नाही अशा अटीवर मोहेगनांना परत लिहून दिला. ही अट पुढच्या खटल्याचा कणा ठरली, कारण वसाहतीने तीच जमीन गोऱ्या वस्त्यांना वाटायला सुरुवात केली.

‘मोहेगन जमीन खटला’ एवढा का गाजला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मोहेगन ती सत्तर वर्षं चढत-उतरत राहिले.

१७०४ मध्ये अंकसचा मुलगा ओवानेको याच्या वतीने राणी ॲनकडे अर्ज गेला. राणीने मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जोसेफ डडली याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १७०५ मध्ये आयोग बसला, कनेटिकटने त्याचा अधिकारच मानला नाही, आणि निकाल मोहेगनांच्या बाजूने लागला : वीस हजारांहून जास्त एकर जमीन परत करा. कनेटिकटने एक बिघाही परत केला नाही. उलट अपील केलं आणि प्रकरण लोंबकळत ठेवलं. गावं वसत गेली, पिकं निघत गेली, मुलांना वाटण्या झाल्या. ताबा ज्याचा त्याचा वेळ, हे कुठल्याही देशातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

दरम्यान वसाहतीने मोहेगनांमध्येच फूट पाडली. एका गटाचा प्रमुख बेन अंकस, त्याला वसाहतीचा पाठिंबा. दुसरा जॉन अंकसचा, त्यांना मेसन घराण्याचा. वस्त्यासुद्धा दोन झाल्या : बेन्स टाउन आणि जॉन्स टाउन. बेनच्या गटाकडून ‘आमची काही तक्रार नाही’ असं वदवून घेता येई, आणि ते आयोगापुढे ठेवता येई.

ओवानेकोचा नातू मॅहोमेट वेयोनोमन याला डावलून प्रमुखपद भलतीकडे गेलं होतं. तो १७३५ मध्ये स्वतः लंडनला गेला, राजा दुसरा जॉर्ज याच्यापुढे अर्ज मांडायला. मेसन घराण्यातला जॉन मेसन बरोबर होता. अर्ज दाखल झाला, तारखा पडत राहिल्या. १७३६ मध्ये मॅहोमेट देवीने वारला. परदेशी असल्यामुळे लंडन शहराच्या हद्दीत दफन करता येईना, म्हणून त्याला नदीपलीकडे साउथवर्कमध्ये पुरलं. २००६ मध्ये साउथवर्क कॅथीड्रलच्या आवारात त्याचं स्मारक झालं. मोहेगनांच्या भूमीतून नेलेला ग्रॅनाइटचा मोठा धोंडा. अनावरण राणी दुसरी एलिझाबेथ हिने केलं. दोनशे सत्तर वर्षांनी का होईना, राजघराण्यातलं कोणीतरी त्याच्या दारी आलं.

१७४३ च्या आयोगाने कनेटिकटच्या बाजूने निकाल दिला. पण त्या आयोगातला न्यूयॉर्कचा न्यायाधीश डॅनियल हॉर्समँडन याने एक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवली : हे इंडियन राजाच्या प्रजेच्या शेजारी राहत असले तरी त्यांच्याहून स्वतंत्र, वेगळे लोक आहेत. जमातीचं सार्वभौमत्व म्हणून आज जे बोललं जातं त्याच्या अगदी जुन्या कायदेशीर नोंदींपैकी ही एक. शेवटी प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या राजाच्या सल्लागार मंडळापुढे, गेलं आणि १७७३ मध्ये मोहेगन कायमचे हरले. हे तेच प्रिव्ही कौन्सिल, जिथे १९१५ मध्ये टिळकांनी ताई महाराज प्रकरण जिंकलं.

सॅमसन ऑकम कोण?

मोहेगन इतिहासातला माझ्या लेखी सगळ्यात वाचनीय माणूस. जन्म १७२३. सतरा-अठराव्या वर्षी ख्रिस्ती झाला, विशीत लेबनन गावच्या एलिएझर व्हीलॉक या पाद्र्याकडे शिकला : इंग्रजी, लॅटिन, ग्रीक, थोडी हिब्रू. लाँग आयलंडवर माँटॉक लोकांत शिक्षक आणि उपदेशक म्हणून बारा वर्षं काढली, तिथलीच मेरी फाउलर ही बायको केली, १७५९ मध्ये दीक्षित पाद्री झाला.

१७६८ मध्ये त्याने आपली हकिगत लिहिली. ती कुठलाही कंत्राटी शिक्षक आजही एका दमात वाचेल. पगारात भागत नाही म्हणून तो गावकऱ्यांची जुनी पुस्तकं बांधून देई, लाकडी चमचे-डाव घडवी, बंदुकांना दस्ते बसवी, मासे पकडी, शेत कसे. आणि मग हिशेब मांडतो : बारा वर्षांच्या चाकरीचे मला एकशे ऐंशी पौंड मिळाले, दुसऱ्या एका मिशनवर एवढेच पैसे एका वर्षाला दिले गेले. हे असं का, तर मी गरीब इंडियन आहे म्हणून, असं तो स्पष्ट लिहितो.

त्याआधी, १७६६ ते १७६८, व्हीलॉकने त्याला इंग्लंडला पाठवलं होतं. इंडियन मुलांच्या शाळेसाठी निधी गोळा करायचा होता. ऑकमने तीनशेवर प्रवचनं दिली. मोहेगन पाद्री पाहायला इंग्रजांची झुंबड उडे. राजा तिसरा जॉर्ज याने दोनशे पौंड दिले. एकूण बारा हजार पौंडांच्या आसपास जमले. मागे बायकामुलांकडे बघतो असं व्हीलॉकने कबूल केलेलं, ऑकम परतला तर घर हलाखीत. आणि पैसे? त्यातून न्यू हॅम्पशायरमध्ये डार्टमथ कॉलेज उभं राहिलं, १७६९ ची सनद. मुलं बहुतेक गोऱ्यांची. १७७१ मध्ये ऑकमने व्हीलॉकला खरमरीत पत्र लिहिलं : गोरे विद्यार्थी इतके आणि इंडियन जवळजवळ नाहीतच. दोघांचं फाटलं ते फाटलंच.

जमीन खटल्यात वसाहतीविरुद्ध बोलला म्हणून पाद्र्यांची खप्पा मर्जी त्याच्यावर आधीच होती. तरी १७७२ मध्ये फाशी जाणाऱ्या मोझेस पॉल या इंडियन कैद्यासमोर त्याने दिलेलं प्रवचन छापलं गेलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. एप्रिल २०२२ मध्ये डार्टमथने ऑकमची कागदपत्रं मोहेगन जमातीला परत दिली.

ब्रदरटाउन म्हणजे काय?

खटला हरल्यावर ऑकमने आणि त्याचा जावई जोसेफ जॉन्सन याने ठरवलं की कनेटिकटमध्ये राम उरला नाही. मोहेगन, पेक्वॉट, नॅरागान्सेट, माँटॉक, नायांटिक, टंक्सिस यांतले ख्रिस्ती लोक एकत्र करून न्यूयॉर्कमध्ये, ओनायडा जमातीने दिलेल्या जमिनीवर गाव वसवायचं. अमेरिकेच्या ब्रिटनविरुद्धच्या क्रांतियुद्धाने खोळंबा केला. १७८५ मध्ये गाव उभं राहिलं. ऑकम १७९२ मध्ये तिकडेच वारला. पुढे गोरे तिथेही पोचले आणि १८३० च्या दशकात ब्रदरटाउनचे लोक विस्कॉन्सिनला सरकले. मायांटोनोमोचं ‘एक व्हा’ हे म्हणणं दीडशे वर्षांनी असं प्रत्यक्षात आलं, तेही हातात उरलेल्या जमिनीशिवाय.

१८३० मध्ये जमातींना पश्चिमेला हाकललं गेलं. मोहेगन कसे वाचले?

एका चर्चमुळे, आणि काही बायकांमुळे. ‘ख्रिस्ती आणि सुधारलेले’ दिसलो तर हात लावणार नाहीत, हा हिशेब बायकांनी बरोबर केला. ऑकम आणि टँटाक्विजन घराण्यांतल्या बायकांनी मोहेगन हिलवरची जागा दिली आणि १८३१ मध्ये तिथे चर्च उभं राहिलं. आतून ते गावचावडीच होतं. सभा तिथे, भांडणं तिथे, शिवणमंडळ तिथे. १८६० पासून या शिवणमंडळाच्या बायका दरवर्षी विगवॅम (म्हणजे पारंपरिक झोपडी) उत्सव भरवू लागल्या. बाहेरच्यांना वाटे चर्चच्या मदतीसाठी जत्रा आहे. प्रत्यक्षात तो मक्याच्या नव्या पिकाचा जुना सण होता. भाजलेला मका उखळात अगदी पिठासारखा कुटून केलेला योकेग तिथे विकायला असे.

एक गंमत पाहा. १८३३ मध्ये नॉरिचला अंकसच्या स्मारकाची कोनशिला बसवली गेली. कोणाच्या हस्ते? इंडियनांना हाकलण्याच्या कायद्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या.

राखीव जमीन कधी गेली?

कनेटिकट राज्याने १८६१ आणि १८७२ च्या कायद्यांनी उरलेली सामाईक जमीन कुटुंबांत वाटून टाकली आणि मोहेगनांना राज्याचे नागरिक केलं. नागरिक झाले म्हणजे कर आला, कर थकला की विक्री आली. सामाईक म्हणून शेवटी उरली ती चर्चची जागा.

त्यांची भाषा टिकली का?

अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती फिडेलिया फील्डिंग, १८२७ ते १९०८. आजीजवळ वाढली, म्हणून भाषा तोंडात राहिली. पुढे बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा ती रोजनिशी मोहेगनमध्ये लिहू लागली. नोंदी साध्या : सूर्य कसा उगवला, थंडी किती, देवाची कृपा. फ्रँक स्पेक या तरुण मानववंशशास्त्रज्ञाने तिच्याकडून भाषा टिपून घेतली. रोजनिश्या पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेल्या आणि २०२० मध्ये जमातीकडे परतल्या. याच वह्यांच्या आधारावर आज शब्दकोश आणि वर्ग चालतात. पुन्हा घरात बोलली जाईल का, हा प्रश्न वेगळा. पण शिकायला काहीतरी हातात आहे.

ग्लॅडिस टँटाक्विजन यांचं नाव एवढं का घेतात?

कारण त्यांनी जपून ठेवलेल्या कागदांनी जमात कायद्यापुढे जिवंत ठरली. जन्म १८९९, मृत्यू २००५. एकशे सहा वर्षं. लहानपणी म्हाताऱ्या बायकांकडून, त्यांत फिडेलियाही आली, झाडपाला आणि रीतीभाती शिकल्या. १९१९ पासून स्पेककडे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानववंशशास्त्र. १९३० च्या दशकात सरकारी नोकरीत डाकोटाकडच्या जमातींत काम. १९३१ मध्ये वडील जॉन आणि भाऊ हॅरॉल्ड यांच्याबरोबर अंकसव्हिलला दगडी खोल्यांचं संग्रहालय उभारलं. इंडियनांनी स्वतः चालवलेलं देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय ते. काहींनी विचारलं, हवंय कशाला? ज्याला ओळखता त्याचा द्वेष करणं अवघड जातं, हा टँटाक्विजन घराण्याचा विचार.

पण निर्णायक ठरलं ते वेगळंच. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी, टपालाने आलेली पत्रं, सभांची टिपणं हे सगळं त्यांनी आपल्या पलंगाखाली प्लास्टिकच्या डब्यांत ठेवलं होतं.

केंद्र सरकारची मान्यता मिळायला १९९४ का उजाडलं?

मान्यतेसाठी अर्ज १९७८ चा. नियम असा की जमात म्हणून आपण अखंड नांदलो, आपला कारभार आपणच चालवला, हे पिढीमागून पिढी दाखवायचं. ज्यांची जमीन, भाषा, नावं मोडली त्यांनीच सलगतेचे पुरावे आणायचे! १९८९ मध्ये प्राथमिक उत्तर नकारार्थी आलं. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात समाज म्हणून हालचाल दिसत नाही, असं म्हणणं. मग डबे उघडले गेले. विगवॅम उत्सव, चर्चच्या सभा, कोण कोणाच्या मयताला गेलं होतं, सगळं पुढे आलं. मार्च १९९४ मध्ये मान्यता मिळाली.

जमिनीचा दावा याच्या समांतर चालू होता. १९७७ मध्ये जॉन हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने जमातीने राज्यावर खटला भरला. मुद्दा १७९० च्या केंद्रीय कायद्याचा : केंद्राच्या संमतीशिवाय इंडियन जमीन विकत घेता येत नाही, मग राज्याने एकोणिसाव्या शतकात केलेले व्यवहार टिकतात कसे? ऑक्टोबर १९९४ मध्ये संसदेने तडजोडीचा कायदा केला. मोहेगनांनी जुना दावा सोडला, राज्याने त्यांचं अस्तित्व मान्य केलं, आणि थोडी जमीन केंद्राच्या विश्वस्तपणाखाली आली. अंकसच्या तटबंदीचं ठिकाण शँटॉक राज्याने मधल्या काळात सरकारी उद्यान करून टाकलं होतं. तेही जमातीकडे परत आलं.

मग कॅसिनो कसा आला? जुगारावर जमात चालते हे त्यांना खटकत नाही का?

१९८८ च्या केंद्रीय कायद्याने मान्यताप्राप्त जमातींना राज्याशी करार करून जुगारघर काढता येतं. शेजारच्या मॅशंटकेट पेक्वॉटांचं फॉक्सवुड्स १९९२ मध्ये कॅसिनो म्हणून जोरात सुरू झालं होतं. (ज्यांचं नाव घ्यायची १६३८ मध्ये बंदी केली, तेच.) मोहेगनांकडे पैसा नव्हता, दक्षिण आफ्रिकेचे हॉटेलवाले सोल कर्झनर यांच्या कंपनीच्या भागीदारीत ‘मोहेगन सन’ १२ ऑक्टोबर १९९६ ला उघडलं. जागा पूर्वी नौदलाच्या अणुभट्ट्यांचं इंधन बनवणाऱ्या कारखान्याची. स्लॉट यंत्रांच्या उत्पन्नाचा पाव हिस्सा राज्याला जातो.

खटकतं का? जमातीत तेव्हाही मतं दोन होती. पण त्या पैशातून दवाखाना, शिष्यवृत्त्या, ज्येष्ठांची घरं झाली, आणि गेलेली जमीन तुकड्या-तुकड्याने बाजारभावाने विकत घेता आली. २००३ मध्ये त्यांनी महिला बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ घेतला. असं करणारी ही पहिलीच जमात. डाव सगळेच साधले असं नाही. दक्षिण कोरियात इंचॉनजवळ २०२३ मध्ये उघडलेलं भलंमोठं रिसॉर्ट २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेलं.

आज मोहेगन किती आहेत आणि कारभार कोण बघतं?

दोन हजारांहून थोडे जास्त. नऊ जणांचं निवडून आलेलं मंडळ रोजचा कारभार बघतं, सात ज्येष्ठांचं मंडळ रूढी आणि सदस्यत्व. सदस्यत्व ठरतं वंशावळीवरून. चेहरा ‘इंडियनासारखा’ दिसतो का यावरून नव्हे. हे पाहुण्यांना कळेपर्यंत बरेच अवघडलेले संवाद होतात.

तिकडे गेलो तर काय पाहावं?

कॅसिनोपासून गाडीने काही मिनिटांवर टँटाक्विजन संग्रहालय आणि मोहेगन चर्च. शँटॉकला नदीकाठी जुनी दफनभूमी आहे. तिथे आजही मोहेगनांच्या कबरी होतात, तेव्हा सहलीचा डबा दुसरीकडे उघडावा. नॉरिचला प्रमुखांची दफनभूमी आणि अंकसचं स्मारक. संग्रहालयाच्या वेळा बदलत असतात, जाण्याआधी बघून घ्या.

डॉलरच्या नोटेवर मोहेगन बाईची सही आहे, हे खरं का?

खरं. लिन मलर्बा २०१० पासून मोहेगनांच्या तहहयात प्रमुख आहेत, मूळच्या परिचारिका. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या अमेरिकेच्या खजिनदार झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या मूळनिवासी. नोटेवर ‘मालिका २०२१’ छापलेलं असेल तर डावीकडची सही त्यांची.